शेंडा राखून

माघ सरत आला होता. जामसरच्या एका पाड्यावर, घरामागच्या वरकस उतारावर, सत्तरीच्या घरातले एक बाबा ऐनावर चढले होते. कमरेला दोरी, दोरीत लाकडाची आकडी, आकडीत कोयता. चढताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून ही सोय. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. त्या भेगांत पायाची बोटं रुतवत ते दीड-दोन पुरुष उंचीवर गेले, एका जाड गाठीवर टाच टेकवली आणि कोयता काढला. समोरची फांदी मनगटापेक्षाही बारीक. पहिला घाव खालून, हलका. मग वरून दोन. फांदी पानांसकट खाली आली आणि सालीचा एक धागाही बुंध्याकडे ओढला गेला नाही.

"बाबा, आधी खालून का?" मी विचारलं.

"वरून मारला तर सालटं निघतं. झाडाला लागतं."

एवढंच बोलून ते पुढच्या फांदीकडे वळले. तासाभरात झाडाखाली कवळाचा, म्हणजे पाल्यासकट फांद्यांचा, ढीग झाला. झाड जवळजवळ उघडं पडलं, पण टोकाशी पानांचा एक झुबका तसाच हलत राहिला. खाली उतरल्यावर त्यांनी मान वर करून तो दाखवला. "शेंडा राखायचा. तेवढा नाय तोडायचा." ज्या गाठीवर टाच टेकवली होती तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ही माझ्या बापानं धरलेली." बापानं कधीतरी झाड कोवळं असताना तिथं पहिला घाव घातला, तिथून फूट आली, ती छाटली, पुन्हा आली. असं साठ-सत्तर वर्षं होत होत लाकडाची ती मूठ तयार झाली होती.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात हा कवळ कशासाठी, हे तिथल्या कुणाला सांगावं लागत नाही. भात, नागली, वरई यांची रोपं ज्या तुकड्यात करायची तिथे राब भाजतात. खाली शेण, त्यावर वाळलेला कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, सगळ्यावर दडपणाला बारीक मातीचा थर. वाऱ्याचा रोख पाहून आग लावायची आणि ती भडकू न देता धुमसत ठेवायची. माती तापते, तणाचं बी मरतं, राख मिसळते, जमीन भुसभुशीत होते. मृगात पेरलेलं रोप जोमानं वर येतं आणि लावणीच्या वेळी मुळासकट सहज उपटून निघतं. म्हणजे ज्या फांद्या मी माघात पडताना पाहिल्या त्यांचं भात आश्विनात खायला मिळणार होतं. झाड छाटणाऱ्याला त्या झाडाशी पुन्हा काम होतं, आणि ते दरवर्षी होतं. त्या सकाळी ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. ती कळायला मला माझ्या शहरातला मे महिना यावा लागला.

मी राहतो तो शहराचा जुना भाग आहे. घरांच्या खिडक्यांना कुठला रंग द्यायचा यालाही तिथे परवानगी लागते. दर्शनी भाग, कमानी, कठडे, सगळं वारसा म्हणून नोंदलेलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शंभरीकडे झुकलेली झाडं आहेत. रेन ट्री, वड, एक आंबा, दोन पिंपळ. त्या घरांना जे रूप आहे त्यातलं निम्मं या झाडांच्या सावलीचं आहे, असं माझं मत आहे. भर उन्हात ती कमान नुसती चुन्याची कमान दिसते. पावसाळ्याआधी छाटणीची गाडी आली. पाळण्यात उभा राहून एक तरुण यंत्रकरवतीनं झरझर कापत होता. काम जिवावरचं होतं आणि तो ते निर्भयपणे करत होता, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सांगितलेलं माप बसच्या टपाचं आणि विजेच्या तारांचं होतं.

दुपारी गाडी गेल्यावर मी त्यातल्या एका रेन ट्रीजवळ जाऊन उभा राहिलो. माझ्या मांडीएवढी फांदी वरून एकाच घावात कापलेली. वजनानं ती अर्धवट तुटून खाली झुकली आणि जाताना बुंध्याची साल दोन हात लांब सोलून घेऊन गेली. आतलं लाकूड ओलं, फिकट पिवळं, त्यावर मुंग्या यायला लागलेल्या. दुसऱ्या बाजूची फांदी हातभर खुंट ठेवून कापलेली. तिसरी उलट बुंध्याशी इतकी सपाट, की तिच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो तोही गेलेला. शेंडा तर राहिलाच नव्हता. जामसरच्या बाबांचं ते वाक्य मला तेव्हा आठवलं: सालटं निघतं, झाडाला लागतं.

झाडाला लागतं म्हणजे काय होतं, यावर विसाव्या शतकात एका माणसानं आयुष्य घातलं. अलेक्स शायगो हे अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक. 1959 मध्ये ते तिथं रुजू झाले. तोपर्यंत झाडातली कूज अभ्यासायची म्हणजे झाड आडवं कापून त्याची चकती पाहायची असा रिवाज होता. शायगोंच्या हाताशी यंत्रकरवत होती. त्यांनी झाडं उभी चिरायला सुरुवात केली. अशी हजारो झाडं चिरून पाहिल्यावर त्यांना दिसलं ते असं, की झाडाची जखम कधी भरत नाही. आपलं कापलेलं बोट नव्या पेशींनी पुन्हा जुळतं, तसं झाडाचं होत नाही. झाड बिघडलेला भाग आहे तिथेच कोंडून टाकतं. वर-खाली एक अडसर, आतल्या बाजूला दुसरा, आजूबाजूला तिसरा. आणि जखमेनंतर जे नवं लाकूड वाढतं ते जुन्यापासून वेगळं राखणारा चौथा, हा सगळ्यांत भक्कम. जखमेच्या कडेनं दरवर्षी जाड होत जाणारे ओठ आपल्याला दिसतात, ते या नव्या लाकडाचे. आतला घाव झाड गेलं तरी तसाच असतो, फक्त गाडलेला. फांदीच्या बुडाशी असलेल्या त्या फुगीर कंगोऱ्यात ही कोंडायची ताकद साठलेली असते. म्हणून घाव कंगोऱ्याच्या बाहेर, अगदी लगत हवा. खुंट ठेवला तर ओठ मिटत नाहीत. कंगोरा कापला तर कोंडणारा पहारेकरीच गेला.

आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय घातला. रोगट झाडाला आधी शस्त्रानं साफ करावं, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा, दूध घातलेलं पाणी शिंपावं, असं त्यात आहे. लेपाचा उपयोग होतो हे शायगोंना मान्य झालं नसतं. डांबर, रंग, काहीही फासून कूज थांबत नाही असंच त्यांना प्रयोगात दिसलं होतं. पण त्या अध्यायाचा क्रम मला मोलाचा वाटतो. आधी शस्त्र आणि मग शुश्रूषा. शस्त्र चालवणाराच नंतर दूध-पाणी घेऊन येणार आहे, हे त्यात गृहीत आहे.

इथे एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. झाडांच्या छाटणीचा आजचा नियम सांगतो की एका हंगामात पानांचा फार तर चौथा हिस्सा काढावा, मोठ्या वयाच्या झाडाचा त्याहूनही कमी. या हिशेबानं जामसरच्या बाबांनी ऐनावर अन्याय केला. त्यांनी शेंडा सोडून सगळंच उतरवलं. तरी ते ऐन बापाच्या काळापासून उभं आहे आणि नियमात बसवून छाटलेली शहरातली झाडं पहिल्या वादळात आडवी होताना मी पाहिली आहेत.

उत्तर त्या गाठीत आहे. ऐन कोवळं असताना पहिला घाव पडला, तेव्हा जखम अंगठ्याएवढी होती. पुढचा प्रत्येक घाव त्याच मुठीवर, नव्या बारीक फुटीवर. दर जखम लहान, दर जखम कोवळ्या लाकडाची, ओठ वर्ष-दोन वर्षांत मिटणारे. शिवाय फूट वजनदार व्हायच्या आत ती उतरवली जाते, त्यामुळे फांदीच्या भारानं झाड फाटायचा प्रश्न येत नाही. शहरातल्या रेन ट्रीला पन्नास-साठ वर्षं कुणी हात लावलेला नसतो. मग एके दिवशी मांडीएवढी फांदी जाते आणि आतलं पक्कं, जुनं लाकूड उघडं पडतं, ज्यात कोंडायची ताकद फारशी उरलेली नसते. घाबरलेलं झाड खुंटाच्या कडेनं दहा-पंधरा फुटवे एकदम सोडतं. ते हिरवेगार दिसतात, लोकांना वाटतं झाड सावरलं. पण जुन्या फांदीची मुळी बुंध्याच्या गाभ्यापर्यंत गेलेली असते, तर हे फुटवे वरच्या थरालाच चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत त्यांचं वजन वाढतं आणि ते सालीसकट सुटतात. त्यातले दोन चांगले राखून बाकीचे वेळीच काढले तर झाड वाचतं. त्यासाठी दुसऱ्या वर्षी कुणीतरी यायला हवं. मी त्या पाळण्यातल्या तरुणाला विचारलं होतं, पुढच्या वर्षी तुम्हीच येणार का? तो म्हणाला, "ज्याला टेंडर लागेल तो येईल, काका."

इंग्लंडमध्ये लंडनला लागून एपिंगचं जंगल आहे. तिथल्या लॉटन गावच्या लोकांना झाडांच्या फांद्या सरपणासाठी उतरवायचा पिढीजात हक्क होता. 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्री हंगाम सुरू व्हायचा आणि 23 एप्रिलला संपायचा. बुंध्याला हात लावायचा नाही. गुरं आणि हरणं पोचणार नाहीत एवढ्या उंचीवरून फांद्या घ्यायच्या. मधल्या काळात जमीनमालकांनी जंगलाला कुंपणं घातली, टॉमस विलिंगेल या म्हाताऱ्या लाकूडतोड्याच्या घरातली माणसं फांद्या तोडल्याबद्दल तुरुंगात गेली, मोठा गाजावाजा झाला. अखेर 1878 मध्ये कायदा झाला आणि एपिंग शहरवासीयांच्या विहारासाठी कायमचं राखलं गेलं. त्याच कायद्यानं फांद्या उतरवायचा हक्क मात्र संपला. गावाला 7,000 पौंडांची भरपाई मिळाली आणि त्यातून 1884 मध्ये लॉटनमध्ये एक सभागृह उभं राहिलं. त्याचं नावच लॉपिंग हॉल, म्हणजे छाटणीघर.

पुढची गोष्ट कायद्यात लिहिलेली नव्हती. शतकानुशतकं छाटली गेलेली बीच आणि हॉर्नबीमची झाडं आता कुणी छाटेना. त्यांच्या गाठींवरच्या बारीक फुटी जाडजूड फांद्या झाल्या. जुन्या पोकळ बुंध्यांवर नव्या झाडांएवढं ओझं चढलं आणि बुंधे उभे फाटू लागले. दाट छतामुळे खालची सावली इतकी गडद झाली की तिथली लहान झाडाझुडपांची वस्ती ओसरली. अलीकडच्या दशकांत तिथले वनरक्षक पुन्हा फांद्या उतरवू लागले आहेत, पण फार जपून. शंभर वर्षांचा खंड पडलेल्या झाडाला एकदम उघडं केलं तर ते मरतं, म्हणून थोडं यंदा, थोडं काही वर्षांनी.

1878 हेच साल आपल्याकडेही आहे. त्या वर्षीच्या भारतीय वन कायद्यानं जंगलाची राखीव, संरक्षित अशी वर्गवारी झाली, आणि ठाणे जिल्ह्यात राबासाठी फांद्या कोण, कुठून, किती तोडणार यावरून सरकार आणि रयत समोरासमोर आले. जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान, ते थेट ब्रिटिश अंमलाबाहेर. पण शेजारचा मोखाडा, शहापूर, वाडा, डहाणू हा मुलूख ब्रिटिशांचा. वनखात्याच्या दृष्टीनं राब म्हणजे जंगलाचा नाश. शेतकऱ्याच्या दृष्टीनं राब नाही तर रोप नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. एका झाडाची फांदी हा साम्राज्याच्या चौकशीचा विषय झाला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

वनखात्याचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. दरसाल ओरबाडलेल्या ऐनाला फुलं धरायला फुरसत मिळत नाही, बी पडत नाही, म्हाताऱ्या झाडांखाली कोवळी झाडं दिसत नाहीत. जमीन कमी आणि तोंडं जास्त झाली की एकाच झाडावर दोन घरांचे कोयते येतात. भाजणीत मातीतला जीवही जळतो. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ राब न भाजता गादीवाफ्यावर रोप करायला सांगतं. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेतीत तर गिरिपुष्पाचा पाला न जाळता थेट चिखलात गाडायचा असतो. गिरिपुष्प बांधावर लावता येतं, छाटलं की भराभर फुटतं, ऐनावरचा भार त्यानं हलका होतो. हे सगळं पटण्यासारखं आहे. पण पटलेलं बहुतेक ज्ञान पाड्यावर पोचतं तेव्हा कोयता हातातून काढून घ्या एवढ्याच रूपात पोचतं, आणि मग त्या कोयत्याबरोबर घाव खालून घालायचं ज्ञानही जातं.

आज जव्हार गाव आणि जामसर यांच्यामध्ये कायद्याची एक सीमा आहे, रस्त्यावरून जाताना ती दिसत नाही. जव्हारला 1918 पासून नगरपालिका आहे. नागरी हद्दीतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा. त्यात 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. हद्दीबाहेर 1964 चा वृक्षतोड कायदा. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, खैर यांच्या पंगतीला ऐनही आहे. दोन्ही कायदे मला हवेतच. ते नसते तर माझ्या रस्त्यावर एकही झाड राहिलं नसतं. पण मी पाहिलेल्या परवानगीच्या कागदांवर झाडाचा क्रमांक असतो, फांद्यांची संख्या असते, कारण असतं. घाव कुठे आणि कसा, याला रकाना नसतो. वारसा नोंदवलेल्या घराची कमान दुरुस्त करायची तर चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधतात. त्याच कमानीवर सावली धरणाऱ्या, तिच्याहून जुन्या झाडाला मात्र करवत धरता येणारा कुणीही चालतो, हे मला सोसवत नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचं प्रकरण आहे. आंबा-फणसाचं लाकूड उपयोगाचं, तरी त्याला हात लावू देऊ नये, असं तिथे बजावलं आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. यातला 'संतोष' हा शब्द राज्यकारभाराच्या कागदात यावा! झाड आणि त्याच्याजवळ राहणारा माणूस यांचं नातं त्या लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

दोन वर्षांनी, पुन्हा माघातच, मी जामसरला गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. गुडघा गेला होता, चढणं बंद. नातू नाशिककडे द्राक्षाच्या कामाला. मोखाड्या-जव्हाराकडची बरीच तरुण मंडळी जातात. तो दोन दिवसांसाठी घरी आलेला होता. मी त्याला छाटणीबद्दल विचारलं तर तो खुलून बोलला. एप्रिलची खरड छाटणी, तेव्हा एक डोळा राखून काडी कापायची, म्हणजे वेल नवं लाकूड धरते. ऑक्टोबरची गोडी छाटणी, तेव्हा फळासाठी जास्त डोळे ठेवायचे. काडी हातात घेतली की किती डोळ्यांवर कापायची हे त्याला जाडीवरून कळतं. कात्री चालवताना तो बोटं कशी धरतो ते त्यानं हवेत दाखवलं, आणि ती हालचाल इतकी नेमकी होती की मला समोर वेल दिसली.

"आपलं ऐन?" मी विचारलं.

आम्ही तिघं हळूहळू मागच्या उतारावर गेलो. बाबा काठी टेकत. दोन वर्षं कुणी न चढलेलं ऐन भरगच्च झालं होतं. बापाच्या गाठीवरच्या फुटी आता मनगटाच्या पुढे गेल्या होत्या, काही दंडाएवढ्या. नातवानं कोयता आकडीत अडकवला आणि झरझर वर गेला. बाबा खालून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग काठीनं एक फांदी दाखवली, घराकडे झुकलेली. तिच्या शेजारची एक. "या दोन. बाकी राहू दे."

"एवढ्यानं राब नाय व्हायचा," वरून आवाज आला.

"नाय व्हायचा. जाड झाली ती, एकदम काढली तर मरल. या साली दोन, येत्या साली दोन."

नातवानं गाठीवर टाच टेकवली, कोयता काढला, आणि पहिला घाव खालून घातला.